पिंपातला उजेड

गंगाबाईने दिवा आणला आणि पनवेलच्या मासळी बाजारात तो पाहिला नाही असं माणूस उरलं नाही. स्वतः मुंबईला जाऊन, दुकानदाराला एकेक दिवा लावून दाखवायला लावून, जो डोळ्यांत सगळ्यांत जास्त खुपला तोच तिने उचलला होता. पिवळाधमक, दुधीभोपळ्याएवढा, वर धरायला मूठ. चालू केला की समोरची अख्खी भिंत उजळायची.

"पान्याखालचा हाय," ती ज्याला त्याला सांगायची. "माझी नात समुद्राच्या तळाला जानार. तिच्यासाठी."

शेजारच्या ओट्यावरच्या गोदूला तर तिने तो तीन दिवसांत चार वेळा दाखवला. चौथ्या वेळी गोदू बोंबील निवडता निवडता म्हणाली, "गंगे, बास कर आता. मला सगळं हिरवं दिसाय लागलंय."

"मग भाव वाढव. हिरवे बोंबील कुटं मिळत्यात?"

नात म्हणजे भावना. पाणबुड्याचं काम शिकून आली होती. बाजारातल्या निम्म्या बायकांना वाटायचं, ही मोती काढायला जाणार. मोती कुठले, लोखंडच बघायचं होतं. सोमवारी उरणच्या बाजूला एका धक्क्यावर तिची चाचणी होती. ठेकेदाराचा माणूस दीनानाथ याने सगळं सरळ सांगून टाकलं होतं. मालवाहू बार्जच्या पोटाला गंज लागू नये म्हणून जस्ताच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. चाळीस मिनिटं खाली राहायचं, त्यातल्या किती शाबूत आहेत ते बघायचं, वर येऊन सांगायचं. दिवे ज्याचे त्याने आणायचे. दिवा विझला किंवा आकडा चुकला, तर घरी. जागा एकच होती आणि मागच्या महिन्यात आलेल्या दोघांना त्याने असंच घरी पाठवलं होतं.

भावनाने शिकवणाऱ्या सरांकडून दोन टॉर्च मागून आणले होते. दोन्ही जुळ्या भावांसारखे एकसारखे, काकडीएवढे. उजेड कसा, तर सुईसारखा, एका रेषेत. ते बघून गंगाबाईला हसूच आवरेना.

"ह्यानं काय बघशील? कानातला मळ?"

"आजी, गढूळ पाण्यात रुंद उजेड..."

"गढूळ पानी तू मला शिकवतेस? खाडीच्या चिखलात जन्म गेला माझा."

भावनाने टॉर्च पिशवीत ठेवून दिले. त्या घरात शेवटचा शब्द आजीचा असायचा, आणि त्याच्या आधीचेही बहुतेक तिचेच असायचे. सोमवारी मोठा दिवा पाण्यात जाणार हे ठरलं. बारके दोन नुसते जोडीला.

राहता राहिले टॉर्चमधले चार्जिंगचे सेल. ते शनिवारी सकाळी प्रणित घेऊन आला. प्रणित हा गंगाबाईच्या थोरल्या लेकीचा मुलगा. त्याचं बाजारापासून जवळच मोबाईलचं दुकान होतं आणि केसांना रोज इतकं जेल लावलेलं असायचं, की माशी बसली तरी घसरेल. त्याने ओट्यावर चार जांभळे सेल मांडले. सेलवर सोनेरी आकडे.

"माझ्याकडून भेट, भावनाला. आकडा बघ आजी, नऊ हजार नऊशे! जेवढा आकडा मोठा तेवढा टॉर्च जास्त वेळ चालतो. सरांनी दिलेत ते साधे, सव्वीसशेवाले."

गंगाबाईने पदराला हात पुसले. एका तळहातावर जांभळा सेल घेतला, दुसऱ्यावर सरांचा साधा. डोळे मिटले. हात जरा वरखाली केले, खेकडे, चिंबोऱ्या निवडताना करायची तसे.

"हा पोकळ हाय," ती म्हणाली आणि जांभळा सेल खाली ठेवला.

"पोकळ? अगं आजी, लिहिलंय त्यावर!"

"मला वाचता येत नाय, म्हनून तर हातात धरते. पुनवेच्या चिंबोऱ्या अशाच लागतात. वरून लाल आनि आत नुसतं पानी."

प्रणितचा चेहरा पडला. भेट आणली होती बिचाऱ्याने, तीही चार लोकांसमोर. तेवढ्यात पापलेट घ्यायला उभ्या असलेल्या अरुंधतीबाई, नवीन पनवेलच्या, बँकेतल्या, मध्येच म्हणाल्या, "अहो, वजनकाटा समोरच आहे की! ठेवा त्यावर."

जांभळा भरला तीस ग्रॅम. साधा पंचेचाळीस.

"नवी टेक्नॉलॉजी हलकीच असते," प्रणित म्हणाला. "मोबाईल नाही का हलके झाले?"

"बरोबर बोलतोय पोर," गोदू पलीकडून म्हणाली. तिला एवढं निमित्त पुरे होतं.

"मग पेटवा दोन्ही," गंगाबाई म्हणाली. "कुनाच्या पोटात किती दम हाय ते दिसंल."

हे टॉर्च हवेत लावून ठेवले तर तापतात, पाण्यातच लावायला हवेत, असं भावनाने सांगितलं. ओटा धुवायचं निळं पिंप होतंच. पण नळाचं पाणी गंगाबाईला चालेना. "तिला काय बिसलेरीत उतरायचं हाय?" मग प्रणितच्या स्कूटरवरून खाडीचं पाणी आलं, कॅन भरभरून, चहासारखं. जुळ्या टॉर्चमधल्या एकात जांभळा सेल घातला, दुसऱ्यात साधा. दोन्ही टॉर्च पाण्यात दोरीने टांगले आणि वरून ताडपत्री टाकली, म्हणजे आत अंधार होऊन उजेड नीट कळेल. घड्याळ लावायचं काम अरुंधतीबाईंनी अंगावर घेतलं. पापलेट पिशवीत पडून होते, बाईंना घरची आठवणही नव्हती.

येणारंजाणारं गिऱ्हाईक ताडपत्री उचलून बघू लागलं. एकाने विचारलं, "पिंपात दिवे कशाला, मावशी? मासा ताजा दिसावा म्हणून?"

"मासा नाय त्यात. माझ्या नातवाची अब्रू हाय."

पहिली वीस मिनिटं नातवाची अब्रू झकास जळत होती. जांभळ्याचा उजेड उलट काकणभर जास्तच वाटत होता. प्रणित शीळ घालू लागला. गोदूने त्याला चहा पाजला. गंगाबाई कोळंबी सोलत होती, पण एका डोळ्याने सारखी ताडपत्रीकडे बघत होती, आणि सोललेली कोळंबी दोनदा सालांच्या ढिगात टाकली.

पस्तिसाव्या मिनिटाला जांभळ्याचा टॉर्च लुकलुकला, पुन्हा लुकलुकला आणि गेला. दुसरा जसाच्या तसा.

बाजारात एकच हशा पिकला. गंगाबाई उठून उभी राहिली. असे दिवस काही रोज येत नाहीत, म्हणून तिने घाई केली नाही.

"प्रणित, किती हजार म्हनालास?"

"आजी, मी अख्खा खोका घेतलाय ह्यांचा," प्रणित हळूच म्हणाला. "विकलेत पण लोकांना."

तिचं हसू तिथेच थांबलं. "मग ज्यांना विकलेस त्यांना बोलव आनि परत घे. तू फसलास ते चालंल. फसवनारा नातू मला नको."

त्याने मान हलवली आणि विझलेला टॉर्च वर ओढायला गेला. दोरीची गाठ सुटली आणि टॉर्च गुडूप तळाला गेला.

"गाठ पन मोबाईलवर बघून मारलीस काय?" गंगाबाई म्हणाली. "सर बाजूला. माझा दिवा आन. आता बघा खरा उजेड कसा असतो." तिने एका हातात मासे ओढायचा आकडा घेतला, दुसऱ्या हातात मोठा दिवा, आणि ताडपत्रीखाली डोकं घातलं.

दिवा पाण्यात धरून तिने बटण दाबलं आणि समोर सगळं पांढरं झालं. तळ नाही, टॉर्च नाही, हातातला आकडासुद्धा नाही. पाण्यातला गाळाचा कण न् कण पेटून उठला होता आणि उजेड उलटा तिच्याच डोळ्यांत येत होता. तिने दिवा खाली नेला, वर घेतला, तिरका केला. पांढरं ते पांढरंच. मग तिने तो बंद केला आणि शेजारी टांगलेला बारका टॉर्च हातात घेतला. सुईसारखी रेषा गाळातून सरळ तळाला गेली. तळाशी टॉर्च पडला होता, त्याच्या गळ्यातल्या कडीसकट दिसला.

ताडपत्रीखाली तिच्याशिवाय कुणी नव्हतं. कुणाला काही कळणार नव्हतं.

"काय गं गंगे, दिसलं का?" गोदूने बाहेरून विचारलं.

गंगाबाईने टॉर्च आकड्याने वर काढला, बाहेर आली आणि गुमान बसून पुढच्या गिऱ्हाइकाची सुरमई कापायला लागली. भावना तिच्याकडे बघत होती. पोरगी आजीच्या मांडीवरच वाढलेली, तिला सांगावं लागत नव्हतं. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "राहू दे आजी. मी मोठाच नेईन. होईल काहीतरी."

त्या 'काहीतरी'ने गंगाबाईचा कोयता थांबला. ही पोरगी बार्जच्या पोटाखाली आंधळी फिरायला तयार होती. कशासाठी, तर बाजारात म्हातारीचं नाक वर राहावं म्हणून.

"तुला आधीपासून म्हाईत होतं?"

"हो."

"मग बोलली का नायस?"

"बोलले. तू कानातला मळ काढलास."

गंगाबाईने कोयता ठेवला. "गोदू!" ती अशी ओरडली की पलीकडच्या रांगेतली मांजरंही वळली. "इकडं ये. ह्या पिंपात डोकं घाल आनि माझा दिवा लावून बघ, काय दिसतंय."

गोदूने डोकं घातलं. आतून तिचा आवाज आला, "काय बी नाय गं. पेज दिसते नुसती."

"दिसनारच नाय. गढूळ पान्यात हा दिवा काय कामाचा नाय. पोरीचा बारकाच बरोबर. मी चुकले." मग एक श्वास घेऊन, "आता जा, काय दवंडी पिटायची ती पीट."

गोदूने ती पिटलीच. दुपारपर्यंत पार सुक्या मासळीच्या गल्लीपर्यंत पोचली.

सोमवारी भावना दोन्ही बारके टॉर्च आणि सरांचेच सेल घेऊन गेली. गंगाबाईही बरोबर. गेटवर वॉचमनने अडवलं, तर तिने त्याचं आडनाव, गाव आणि आजोळ काढलं. आजोळ करंजा गावचं, तिच्या ओळखीतलं निघालं आणि ती आत गेली. धक्क्यावर एका खोक्यावर बसून तिने दीनानाथला आधी त्याच्या बायकोचं, मग रक्तदाबाचं विचारलं. भावना पाण्याखाली गेल्यावर मात्र तिने तोंड उघडलं नाही. चाळीस मिनिटं. दीनानाथने नंतर लोकांना सांगितलं की तेव्हा त्यालाच भीती वाटायला लागली होती.

भावना वर आली. मास्क काढला, श्वास घेतला.

"आठातल्या पाच शाबूत. दोन गेल्यात. एक अर्धी झिजलीय, मागच्या बाजूची."

दीनानाथने आधीच्या पाहणीचा कागद बघितला. "पाच बरोबर. अर्धी नाही इथे. तीन गेल्यात म्हणून लिहिलंय."

"मग लिहिणाऱ्याला दिसली नाही," भावना म्हणाली. "मी हात लावून आले."

त्याने आपला जुना पाणबुड्या खाली पाठवला. दहा मिनिटांनी तो वर आला आणि बोटाने अर्धं माप दाखवून मान डोलावली. दीनानाथने कागदावर खाडाखोड केली, पेन खिशात घातलं आणि भावनाला म्हणाला, "उद्या सकाळी सहाला ये. कामाला."

"सहाला कशाला, साडेपाचलाच येईल," गंगाबाई खोक्यावरून उठत म्हणाली. "तुमी तेवढं वेळेवर या."