आधीचे आजार

सकाळी आईच्या मोबाइलवर प्रवास विम्याची पॉलिसी येऊन पडली आणि एजंटाच्या पोटात दुखायला लागलं. पॉलिसी त्यानं काढलेली नव्हती. त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे घरच्या जावयानं, मोबाइलवरच काढून दिली होती.

सव्वीस वर्षं एजंट विमा विकत होता. अर्ध्या गावाला त्यानं परदेशी धाडलं होतं, कागदोपत्री का होईना. कुणाची बॅग हरवो, कुणाचा पाय मोडो, हा हातातलं काम टाकून धावायचा. विमान रखडलं तर विमान कंपनीचं पत्र मिळव, त्यावर शिक्का घे, तीन प्रतींत फॉर्म भर आणि मग दोन महिने हेलपाटे घाल. त्या हेलपाट्यांचा त्याला कोण अभिमान! आणि आज संध्याकाळी सख्खी आई लेक-जावयाबरोबर वीस दिवसांच्या सहलीला निघणार होती, तीही घरच्या एजंटाला डावलून.

"दादा, आता फार सोपं झालंय हो," जावई म्हणाला. "विमान दोन तास लेट झालं की कंपनीला आपोआप कळतं. पत्र नाही, फॉर्म नाही. आपण तिथं बाकावर बसलेलो असतानाच पैसे खात्यात."

"वा वा," एजंट म्हणाला. आई कौतुकानं जावयाच्या पाठीवरून हात फिरवत होती. आपल्या पाठीवरून तो हात शेवटचा कधी फिरला, हे आठवायला एजंटाला शाळेपर्यंत मागे जावं लागलं. जळून नुसता कोळसा झाला बिचारा.

पण एक हुकमाचा पत्ता त्याच्याकडे होता. आई आठ वर्षं रक्तदाबाची गोळी घेत होती. गोळ्या दरमहा तोच आणून द्यायचा, आणि लेक-जावयाला काळजी नको म्हणून आईनं ही गोष्ट त्यांना सांगितलीच नव्हती. आधीचा आजार लपवला की कंपनी हात वर करते. परक्या मुलखात आईला काही झालं तर इस्पितळाच्या बिलात राहतं घर जाईल, हे त्याला जावयापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यानं तेव्हाच बोलायला हवं होतं. पण जेवायला सगळे एकत्र बसतील तेव्हा जावयाचं नाक कापू, म्हणून हा गृहस्थ दुपारपर्यंत गप्प बसला!

"आणा पाहू तुमची ती पॉलिसी," जेवता जेवता तो म्हणाला. 'आधीचे आजार' हे पान त्यानं सराईतपणे उघडलं आणि घसा साफ करून मोठ्यानं वाचायला घेतलं. "रक्तदाब, आठ वर्षं. रोज एक गोळी."

तो अडखळला. पुढचं वाचताना त्याचा आवाज आपोआप खाली आला. "उजवा गुडघा, चार वर्षं. जिना चढताना छातीत दाटून येतं, गेल्या वर्षापासून. डॉक्टरांचे कागद जोडले आहेत. वाढीव हप्त्यावर मान्य."

"आई! छातीत?" बहीण ओरडली. जावईही चाट पडला. त्यानं फक्त मोबाइल सुरू करून आईच्या हातात दिला होता.

"त्यात एक बाई बोलते," आई भात कालवत म्हणाली. "मशीनच आहे म्हणे, पण बोलते छान. एकेक दुखणं विचारलं तिनं, डॉक्टरांच्या कागदांचे फोटोही काढायला लावले. मी थांबले की तीही थांबायची. मग म्हणायची, अजून काही?"

"पण मला का नाही सांगितलंस?" एजंटानं विचारलं.

"तू विचारलंस कधी? मागच्या सहलीला तूच फॉर्म आणलास. नाही, नाही, नाही करत भराभर खुणा केल्यास आणि म्हणालास, आई, सही कर लवकर, मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

खरं होतं. हप्ता वाढू नये, कंपनीनं प्रश्न काढू नयेत म्हणून तो सगळ्यांचे फॉर्म असेच भरत आला होता. आईची गोळी माहीत असून त्यानं 'नाही'वर खूण केली होती. त्या सहलीत काही झालं असतं तर त्याच्या पॉलिसीवर आईला छदाम मिळाला नसता. जावयाच्या माथी मारायला निघालेलं पाप त्याचं स्वतःचं होतं.

जेवणं उरकली, बाकीचे सामान बांधायला गेले. जावयाचा हेवा करणं त्याला जमत होतं, सवयीचं होतं. पण एका मशीनचा हेवा कसा करायचा? आणि तो तर करत होता, अगदी मनापासून. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं तिच्याशेजारी खुर्ची ओढली.

"आई, छातीत नेमकं कुठे दाटतं गं?"

"काही नाही रे," आई सवयीनं म्हणाली.

तो थांबला. गप्प बसून वाट पाहायची त्याला सवय नव्हती, तरी तो थांबला. आईनं एक घडी घातली, दुसरी घातली. मग हातातलं कापड मांडीवर ठेवून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"जा," आई लगेच म्हणाली. "तुला जायचं असेल."