इरम्मांचा पुसलेला आवाज

मित्रांनो, ढोकीच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत लोखंडी स्टँडवर उभा असलेला जुना माईक, तो मी. सिद्धेश्वर मालकांनी मला बावीस वर्षांपूर्वी सोलापूरहून आणलं. देवीच्या गाण्यांचे चाळीस अल्बम माझ्यासमोर झाले. तुळजापूरच्या यात्रेत ते वाजायचे, तेव्हा लोक गायकांचं कौतुक करायचे.

पण प्रत्येक गाणं आधी मालकांच्या पत्नी इरम्मा गायच्या. गायकाला चाल कळावी म्हणून. त्याला डमी म्हणतात. गायक हेडफोनवर डमी ऐकत स्वतःचं गाणं म्हणतो. ते झालं की मालक डमी पुसून टाकत.

"पुसलं का मला?" इरम्मा विचारायच्या.

"पुसलं. कॉम्प्युटरमधी जागा नगं का?"

"साऱ्या जिल्ह्याला जागा हाय, बायकोलाच न्हाय."

दोघंही हसायचे.

दिवाळीनंतर इरम्मा वारल्या. तेव्हापासून मालक रोज कॉम्प्युटर उघडून एकेक अल्बम धुंडाळतात. इरम्मांचा आवाज कुठंच सापडत नाही. आता कॉम्प्युटरही सारखा बंद पडतो. उद्या तो लातूरला दुरुस्तीला जाणार आहे. तिथं आतलं सगळं पुसणार आहेत.

"अप्पा, अजून एकदा बघू," मुलगी शुभांगी आज म्हणाली.

"काय बघतीस? म्याच पुसलंय. ह्याच हातानं."

मित्रांनो, तो आवाज कुठं आहे ते मला ठाऊक आहे. आमचे एक गायक, तामलवाडीचे महालिंगप्पा, यांना कमी ऐकू येतं. ते हेडफोनचा आवाज फार मोठा ठेवतात. ते श्वासाला थांबले की हेडफोनमधल्या इरम्मा मला ऐकू यायच्या आणि त्यांच्या गाण्यासोबत रेकॉर्ड व्हायच्या. मालक त्या मोकळ्या जागाही साफ करत. ते शेवटच्या अल्बमचं तिसरं गाणं साफ करत होते, तेव्हा इरम्मांना चक्कर आली. मालक तसेच उठले आणि काम राहून गेलं. त्या गाण्यात इरम्मा अजून आहेत, पण वरून संबळ वाजतंय, म्हणून ते कुणाला कळत नाही.

मला ऐकता येतं, सांगता येत नाही.

काम झालं म्हणून आपल्या माणसाचा आवाज पुसू नका, मित्रांनो. आणि तुमच्यापैकी कुणी ढोकीकडं जात असेल, तर मालकांना एवढं सांगा: त्या तिसऱ्या गाण्यातलं संबळ बंद करून महालिंगप्पांचा एकट्याचा आवाज लावा. दुसऱ्या कडव्याच्या आधी ते थांबतात, तिथं कान द्या.

पण लवकर जा. लातूरची गाडी सकाळी आठला आहे.