जवळच्या व्यक्तीने भरावे

फॉर्मवर नाव नसलं की काम झालं, असं ऋजुताला वाटलं होतं. एका बाजूला वडील आप्पा आणि त्यांच्या ध्यानवर्गातले चौदा जण, दुसऱ्या बाजूला भाऊ गंधार आणि परदेशात देव दिसावा म्हणून त्याच्याबरोबर कसलासा काढा प्यायलेले आठ मित्र, आणि प्रत्येकाला फक्त एक क्रमांक. पुण्याला मानसशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या आणि प्रबंधासाठी ही प्रश्नावली भरून घेणाऱ्या मुलीची ही समजूत चुकीची नव्हती. चूक झाली ती पुढे. आकडे वाचून दाखवायला तिने आईला बसवलं, म्हणजे आपल्याला लॅपटॉपवर भराभर भरता येतील. मालिनीने बारा नंबरचा कागद हातात घेतला आणि तो कोणाचा आहे हे तिला कळलं.

रत्नागिरीत तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचं शून्य लपत नाही. गोल, ठसठशीत, आणि खाली दोन रेघा, पेन कागदात रुतेल इतक्या दाबून. आप्पांच्या हाताखालून गेलेल्या किती पोरांच्या वह्यांत ती शून्यं अजून असतील.

सगळं एकच आहे असा अनुभव आला का? शून्य. काळाचं भान सुटलं का? शून्य. शब्दांत न सांगता येणारं काही जाणवलं का? शून्य. तीस प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते पाच. मालिनीने पान उलटून खालपर्यंत पाहिलं.

"आई, वाच ना. बारा नंबर."

"शून्य."

"पहिल्याला. दुसऱ्याला?"

"सगळ्यांना."

झोपाळ्यावर पडलेला गंधार हे ऐकून उठला आणि आईच्या खांद्यावरून वाकला. वडिलांच्याच वर्गात तीन वर्षं काढलेल्या मुलाला किती वेळ लागणार? तो मोठ्याने हसला. "आप्पांना भोपळा! दीडशेपैकी भोपळा!"

"दादा, तू बघायचं नव्हतंस!"

"तू वाचायला देणार आणि मी कान बंद करू? माझे एकशे त्रेचाळीस आहेत ना? तीन रात्रींत. आणि इथे एकतीस वर्षं!"

एकतीस वर्षांचा हिशेब मालिनीला कोणी सांगायची गरज नव्हती. या घरात 'बसणं' म्हणजे आप्पांचं बसणं. पहाटे चार ते सहा, संध्याकाळी सहा ते सात. त्या वेळात नळ बारीक सोडायचा, पोरांनी पाढे मनात म्हणायचे, आणि कुकरची शिटी होण्याआधी गॅस बंद करून अर्धकच्चा भात झाकून ठेवायचा. हे कशासाठी, असं तिने कधी विचारलं नव्हतं. बागेतल्या त्या चिऱ्याच्या खोलीत डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या आत काहीतरी मोठं घडत असणार आणि आपण त्याची राखण करतोय, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली होती. आता हातात तीस शून्यं होती. म्हणजे एवढी वर्षं ती रिकाम्या खोलीची राखण करत होती?

मोहोरावरची फवारणी आटोपून आप्पा पडवीत आले. अंगाला औषधाचा उग्र वास. "कोण एवढं खिदळतंय?"

"बारा नंबर आले," गंधार म्हणाला.

आप्पांनी मालिनीच्या हातातला कागद पाहिला, मग ऋजुताकडे पाहिलं. "नाव कळणार नाही म्हणाली होतीस."

ऋजुताचा चेहरा लालेलाल झाला. "आप्पा, माझी चूक झाली. खरंच."

"असू दे. प्रश्न होता, अनुभव आला का. नाही आला. खोटं लिहू काय?"

"मग एकतीस वर्षं केलंत काय?" गंधारने विचारलं.

"बसलो."

"नुसते?"

"तू त्या पेरू देशात जाऊन काय केलंस? विमानाचं तिकीट काढून ओकायला गेलास. तुझ्याच तोंडून ऐकलंय. पुढ्यात बादली घ्यायची, कसल्याशा वेलीचा काढा प्यायचा, आणि देव दिसायची वाट बघायची."

"दिसला तरी!"

"कोण म्हणतं?"

"एकशे त्रेचाळीस म्हणतात."

"ते तूच तुला दिलेस. स्वतःचा पेपर स्वतः तपासणारा पोरगा माझ्या वर्गात बाकावर उभा राहायचा."

"आणि तुमचा वर्ग? चौदा माणसं रोज डुलक्या काढतात आणि तुमच्या पाया पडतात. त्यांना माहितेय सरांचा निकाल?"

"हा पेपर नाहीये!" ऋजुता ओरडली. "कोणी पास नाही, कोणी नापास नाही. ही प्रश्नावली फक्त अनुभव किती तीव्र होता तेवढंच विचारते. त्याने माणूस बदलला का, ते हिच्यातून कळतच नाही. त्याच्यासाठी दुसरा फॉर्म आहे."

"कुठला दुसरा?" बाप-लेकांनी एकदमच विचारलं.

ऋजुताने फाइलीतून दोन पोपटी कागद काढले. वर छापलं होतं : जवळच्या व्यक्तीने भरावे. दहा प्रश्न, शून्य ते पाच गुण. हा कोणाकडून भरून घ्यायचा असं तिने विचारलं होतं तेव्हा दोघांनीही, एकमेकांना न विचारता, मालिनीचं नाव दिलं होतं.

"दे इकडे," मालिनी म्हणाली.

"आत्ता नको, आई. हे दोघं समोर असताना नाही चालत. नंतर शांतपणे भर."

"शांतपणेच चाललंय गं इतकी वर्षं. पेन दे."

तिने आधी गंधारचा घेतला. ही व्यक्ती तुमचं म्हणणं ऐकून घेते का?

गंधार तिच्या शेजारी येऊन बसला. आवाज एकदम मऊ झाला. "आई, आठव. तिथून आल्यावर पहिला फोन मी तुला केला होता. रडलो होतो. म्हटलं होतं, तू माझ्यासाठी काय आहेस ते आता कळलं."

"आठवतंय. चाळीस मिनिटं बोललास. दोन दिवसांनी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. म्हटलं, याचं झालं की सांगू. तर तुझी मीटिंग आली."

"मग परत फोन करायचास ना!"

मालिनीने एक लिहिला.

"एक? हा कशाचा?"

"फोन केलास, त्याचा."

गंधार उठला. पायात चपला सरकवल्या. "हे कसलं सायन्स? हा सूड आहे," म्हणत तो आरे-वाऱ्याच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागला. फाटक त्याने लाथेनेच लोटलं.

"तो म्हणाला ते अगदीच चूक नाहीये, आई," ऋजुता हळूच म्हणाली.

"मी कुठे म्हणतेय चूक आहे?" मालिनीने दुसरा कागद पुढे ओढला.

आप्पा गेले नव्हते. स्वतःची तीस शून्यं सगळ्यांदेखत निघाली तेव्हा त्यांची पापणी हलली नव्हती. आता मात्र ते खांबाला टेकून तिच्या पेनाकडे असे पाहत होते, जशी त्यांच्या टेबलाशी उभी राहून पोरं पाहायची. पहिले सहा प्रश्न तिने झरझर उरकले. सातव्यावर हात थांबला. ही व्यक्ती राग आवरू शकते का?

शून्य द्यावं, असं तिला मनापासून वाटलं. तिने शोधायला सुरुवात केली. लग्नानंतर काही वर्षांनी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून ताट भिंतीवर गेलं होतं. तीन वर्षांचा गंधार खाटेखाली लपला होता. त्याच वर्षी आप्पा बसायला लागले. त्यानंतरचं काही? वादळात सत्तर कलमं आडवी झाली तेव्हा? नाही. गंधार कॉलेज अर्धवट सोडून आला तेव्हा? तेव्हाही नाही. ती एखादा तरी प्रसंग हाताला लागतो का म्हणून धुंडाळत राहिली. सापडला नाही. म्हणजे ती खोली अगदीच रिकामी नव्हती, आणि हे तिला मुळीच सोसवेना. आपल्याला न विचारता, न सांगता, हा माणूस खरंच सुधारला होता आणि ती मात्र अर्धकच्च्या भाताशी राहिली होती. न्यायाने पूर्ण पाच गुण होत होते. ते तिला स्वच्छ दिसत होतं, म्हणूनच तिने तीन लिहिले.

"किती?" आप्पांनी विचारलं.

"तीन."

"पाचातले?"

"पाचातले."

फाटकातून वर्गातली माणसं यायला लागली होती. भागोजी खोलीच्या दाराशी थांबून म्हणाला, "आप्पा, सहा झाले. येताय ना?"

"तुम्ही बसा," आप्पा म्हणाले आणि मालिनीकडे वळले. "दोन कुठे गेले?"

"काय करायचंय तुम्हाला? स्वतःचं शून्य बरं चाललं तुम्हाला."

"ते मी दिलेलं होतं. हे तू दिलेत. दोन कशाचे कापलेस?"

मालिनीने पेन खाली ठेवलं. ऋजुता उठून आत जाऊ लागली, तिला मालिनीने हातानेच बसवलं.

"माझी आई गेली त्या दिवसाचा एक. माझा भाई दाभोळहून साडेचारपासून फोन लावत होता. तुम्ही बसलात की रिसीव्हर मी काढून ठेवायचे. सहाला परत ठेवला तेव्हा कुठे लागला. तिला नेली आठला, मी पोचले साडेनऊला."

खोलीतून माणसांच्या खाकरण्याचे आवाज आले आणि थांबले.

"मला तू कधी बोलली नाहीस," आप्पा म्हणाले.

"मी परत आले तेव्हा तुम्ही बसला होतात."

"अठरा वर्षं झाली, मालिनी."

"हो. आणि अठरा वर्षांत एकदा विचारायचं होतंत."

आप्पांनी मान हलवली. मग नेहमीच्या सुरात, गणिताची पुढची पायरी विचारावी तसं, ते म्हणाले, "तो एक झाला. दुसरा कशाचा?"

मालिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. राग नाही तर दुःख, तिथे काहीतरी शोधत होती, ते तिला मिळालं नाही.

"दुसरा हा," ती म्हणाली, "की हे ऐकूनसुद्धा तुमचा आवाज चढला नाही."

तिने पेन उचललं आणि आठवा प्रश्न वाचायला घेतला. आप्पा खांबापाशी तसेच उभे होते.