झडतीचं कारण

माझ्या लेकाने, गुंड्याने, मला कॉम्प्युटरवरच्या एका खेळात पोलीस केलं. (लहानपणी माझ्या शिवणाच्या डब्यातली गुंडी गिळली, तेव्हापासून तो गुंड्या.) तो तिथे पिवळी टॅक्सी चालवतो. "फोनवर तेच तेच बोलतो आपण, आई. इथे भेटत जा," म्हणाला. हल्ली फोन उचलतच नाही, म्हणून मीही तयार झाले. अडला हरी, दुसरं काय!

खेळ कसला, डोक्याला ताप. गाडी थांबवायची तर कारण सांगा. झडती घ्यायची तर वेगळं कारण सांगा. ते पटलं, की समोरच्याने जवळ काय आहे ते खरं सांगायचं. आणि एक पंच सगळं ऐकत बसलेला.

आज दुपारी चौकात पिवळी टॅक्सी दिसली. मी शिट्टी फुंकली.

"कारण?" कानात गुंड्याचा आवाज आला.

"मागचा दिवा फुटलाय. जेवलास का? फोन का उचलत नाहीस? आवाज का बसलाय?"

"पोलीसबाई," पंच मध्येच बोलला, "कारण न सांगता झडती घेऊ नका."

"अहो, मी डिकीला हातसुद्धा लावला नाही!"

"झडतीच घेताय तुम्ही."

गुंड्या हसला. "बरोबर आहे त्यांचं. लहानपणापासून घेतेय."

मला काही उमगेना. आईने विचारपूस केली तर ती झडती? बरं, झडती तर झडती, पण कारण काय सांगू? काळजी वाटते, हे कारण नियमांत कुठेच नव्हतं. खोलीत समोर शिलाई मशीनवर एक पँट पडली होती. ऑफिस सुटलं की नेतो, असं गिऱ्हाईक सांगून गेलं होतं. ऑफिस सुटलं की.

"कारण सांगते," मी म्हणाले. "आज कामाचा दिवस. हा माणूस ऑफिसच्या वेळेत, भरदुपारी टॅक्सी फिरवतोय. कालही फिरवत होता."

"हे... हे खेळाबाहेरचं झालं ना?" पंचही गोंधळला.



"कारण बरोबर आहे, पंच," गुंड्या म्हणाला. "खिशात पाकीट, किल्ल्या. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र नाही, आई. परत घेतलं त्यांनी."



झडती संपली की गाडी सोडून द्यायची, असा पुढचा नियम आहे. मागे हॉर्न वाजायला लागले. पंच तोच नियम पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता. मी गाडीसमोरून हलले नाही.