सकाळची गोळी

पायावर सूज चढून, दम लागून नवऱ्याला तिसऱ्यांदा दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा तिची खात्रीच पटली की बाहेर कोणीतरी त्याला मीठ खाऊ घालतंय. घरात शक्यच नव्हतं. मिठाची बरणी तिने कपाटात कपड्यांखाली लपवली होती आणि स्वतःही अळणी जेवत होती.

"हृदय कमजोर आहे, अंगात पाणी साठतं," घरी सोडताना नर्स म्हणाली. "मीठ कमी, रोज वजन आणि सकाळी लघवीची गोळी. एवढं पाळलं की सहसा इतक्या लवकर परत यावं लागत नाही."

"सगळं पाळतो आम्ही."

"मग?" नर्सने विचारलं.

ते 'मग' तिच्या डोक्यात घर करून बसलं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. विश्रांती झाल्यावर तो पुन्हा दुकानात जाऊ लागला, तशी ती संध्याकाळी त्याची पिशवी उलटीपालटी करू लागली. डब्याचा वास घेई, बोटांचा वास घेई.

"चोर पकडल्यासारखं काय करतेस?"

"चोर असेल तर सापडेल."

तिचा संशय दिरावर होता. सासरे गेल्यावर दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली. पलीकडे धाकट्याने चष्म्याचं दुकान थाटलं आणि भावाभावांचं बोलणं तुटलं. तरी गेल्या खेपेला हा दीर दवाखान्याच्या दारात नर्सशी हळूच बोलताना तिला दिसला होता. भावाला न भेटताच परत गेला. अख्खं दुकान गिळायची वाट बघतोय, दुसरं काय? खारे दाणेबिणे तोच पाठवत असणार.

एके दुपारी ती न सांगता दुकानात जाऊन बसली.

"तू कशाला आलीस?"

"घरी करमेना."

डोळ्याला भिंग लावून तो कामाला लागला. ती दारावर नजर ठेवून होती. कोणी काही आणलं नाही. पण दुपार कलली तरी तो खुर्चीतून उठला नाही. तिने मापून भरलेली पाण्याची बाटली तशीच होती, त्याचे ओठ मात्र सुकले होते. हात पुसायला फडकं हवं म्हणून तिने खण ओढला. आत पत्र्याची एक डबी होती. स्क्रू आणि स्प्रिंगांच्या गर्दीत पांढऱ्या गोळ्या होत्या, कडा विरघळलेल्या. तिने रोज सकाळी समोर उभं राहून दिलेल्या, त्याने गालात धरून इथवर आणलेल्या.

"हे काय?"

"हळू बोल." त्याने भिंतीकडे पाहिलं. "गोळी घेतली की सारखं जावं लागतं. संडास त्याच्या वाटणीला गेलाय. दिवसभर त्याच्या दारात जाऊन उभा राहू?"

"त्यापेक्षा मेलेलं बरं, असंच ना?"

त्याने डबी पुन्हा खणात ढकलली. ती उठली आणि पलीकडे गेली. दीर एका फ्रेममध्ये काच बसवत होता.

"भाऊजी, दवाखान्यात कशाला आला होतात?"

"खोकला भिंतीतून ऐकू येतो, वहिनी. वाढला की मला कळतं, हा पुन्हा दवाखान्यात जाणार."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगू कोणाला? माझा फोन उचलता तुम्ही?"

ती उचलत नव्हती, हे खरं होतं. तरी तिने त्याचा चेहरा नीट निरखून घेतला.

"आणि संडासाला कुलूप घातलंय का?"

"कुलूप नाहीच. तोच येत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने नर्सला सगळं सांगितलं. नर्स डॉक्टरांना विचारून आली. "दुकानातून आल्या आल्या घेतली तरी चालेल. आधीच विचारायचं ना! फक्त चुकवायची नाही."

आता नवरा संध्याकाळी घरी येऊन गोळी गिळतो आणि तिला जीभ वर करून दाखवतो. भाऊ अजूनही बोलत नाहीत. फरक इतकाच की दिराचा फोन ती पहिल्या घंटीला उचलते.

मध्यंतरी एकदा त्याचा फोन आलाच. "वहिनी, आज सकाळपासून खोकतोय." तिने नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं, सकाळी राहून गेलेलं वजन केलं. चढलेलं होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आणि त्याच संध्याकाळी दोघं घरी आले, राहावं लागलं नाही.

"तुला कसं कळलं?" जेवताना त्याने विचारलं.

"वजनावरून."

"वजन तर तू नंतर केलंस." त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या तिच्या फोनकडे.

"जेवा आता," ती म्हणाली.