खिसा कुणाचा?

मुलाखत अकराची होती आणि मी रत्नागिरीतल्या त्या हॉस्पिटलात पोहोचले पावणेबाराला. धापा टाकत, पण मान ताठ. चूक माझी नव्हतीच, मग मान कशाला खाली घालायची?

जयगडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं केसपेपर काढले, औषधांचा साठा सांभाळला, भांडणारे नातेवाईक सांभाळले आणि वेळ पडली तर डॉक्टरांनाही सांभाळलं. आता डॉक्टर दवाखाना बंद करून लेकीकडे निघाले होते. दोन हॉस्पिटलांनी ‘छोट्या दवाखान्याचा अनुभव चालत नाही’ म्हणून मला आधीच वाटेला लावलं होतं. प्रशासन अधिकाऱ्याची ही जागा मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

बाकावर शेजारी काशीराम नावाचे एक म्हातारे बसले होते. काउंटरवरच्या मुलीशी त्यांचं नुकतंच वाजलं होतं.

“तारीख परवा होती म्हणते. मेसेज धाडला म्हणते.”

“मग?”

“तो गेला मुंबईस, पोराच्या फोनवर. पोराने आज सकाळी सांगितलान, तवा मी आलो.”

मला हसू आलं. माझंही अगदी तस्संच झालं होतं.

आत हॉस्पिटलचे मालक डॉ. लिमये होते आणि पुण्याहून आलेल्या एचआर मॅनेजर अक्षया. अक्षयांनी घड्याळाकडे बघितलं. “तुम्हाला सोमवारीच मेसेज गेला होता.”

“गेला होता. मुंबईला,” मी म्हटलं. “माझा धाकटा भाऊ उन्मेष तिथे असतो. आमच्या घरातला प्रत्येक ऑनलाइन अर्ज तोच भरतो आणि सवयीने स्वतःचा नंबर टाकतो. आज सकाळी नऊला त्याने फोन केला. मिळाली त्या एसटीने आले.”

“स्वतःच्या अर्जावर नंबर कुणाचा आहे हे ज्यांनी बघितलं नाही, त्यांच्या हाती मी हॉस्पिटल देऊ?” डॉक्टर म्हणाले.

लागलं मला ते. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. पण मी काही रडायला आले नव्हते.

“सर, फेरतपासणीला न येणारे पेशंट तुमच्याकडे किती?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. “दहातले चार,” अक्षया म्हणाल्या. “दोनदा मेसेज पाठवूनसुद्धा.”

“तीनदा पाठवा. मुंबईतला मुलगा तीनदा वाचेल. बाहेर काशीराम बसलेत, त्यांना विचारा. इथे ‘मोबाइल नंबर सांगा’ म्हटलं की माणूस घरातल्या कर्त्या मुलाचा नंबर सांगतो. मी जयगडला नंबर विचारतच नव्हते. ‘हा फोन आत्ता लावला तर कुणाच्या खिशात वाजेल?’ असं विचारायचे. खिसा मुंबईत निघाला की वाडीतल्या शेजाऱ्याचा नंबर घ्यायचे.”

डॉक्टर उठले आणि स्वतः बाहेर गेले. परत आले तेव्हा आवाज उतरला होता. “त्यांच्या गोळ्या संपून चार दिवस झालेत,” ते म्हणाले. मग माझा अर्ज ओढून त्यांनी उन्मेषच्या नंबरावर काट मारली आणि मला विचारून माझा लिहिला.

“दोन दिवसांत कळवू.”

दोन दिवस मी भाजी चिरतानाही फोन मांडीवर ठेवला. फोन काही वाजला नाही. ‘उशीर नडला बाई तुला,’ मी स्वतःलाच म्हटलं आणि त्या रागात सगळी भांडी पुन्हा घासून काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी उन्मेषचा फोन आला. “ताई, पेढे वाट! निवड झाली तुझी. मेसेज काल सकाळीच आलाय, मी आत्ता बघितला.”

अर्जावरचा नंबर डॉक्टरांनी बदलला होता. कॉम्प्युटरमधला तसाच राहिला होता!

उन्मेषला मी आधी मनसोक्त झापलं, मग त्याच फोनवर रडले. डोळे पुसून हॉस्पिटलच्या काउंटरला फोन लावला. मी उल्का, सोमवारपासून तिथे रुजू होणार, माझा नंबर तेवढा बदलून घे, असं सांगितलं.

“हो मॅडम,” मुलगी गडबडीने म्हणाली. “मोबाइल नंबर सांगा ना.”

“असं नाही विचारायचं,” मी म्हटलं. “खिसा विचार.”