छान, पुढचं

घड्याळमावशी हे नाव मुलांनी ठेवलं होतं. गळ्यात दोरीला लटकणारं स्टॉपवॉच, हातात अक्षरांचा तक्ता आणि चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, असा तिचा अवतार. विद्यापीठाच्या साक्षरता संशोधन प्रयोगशाळेत बावीस वर्षं तिने एकच काम केलं. शाळोशाळी जायचं, मुलांना एकेकटं समोर बसवायचं आणि मिनिटभरात कोण किती वाचतं ते मोजायचं. अशी अकरा हजार मुलं तिच्या हाताखालून गेली. त्यातल्या किती जणांना तिने वाचायला शिकवलं? एकालाही नाही. ते तिचं कामच नव्हतं, आणि हे लोकांना सांगून सांगून ती थकली होती.

प्रयोगशाळेचे तीन नियम तिथल्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, स्वतःच्या हाताने लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले होते. मूल तीन सेकंद अडलं की ‘पुढचं’ म्हणायचं. लागोपाठ पाच चुका झाल्या की थांबायचं. आणि मूल बरोबर वाचो की चूक, तोंडातून एकच शब्द काढायचा: छान. ‘बरोबर’ म्हटलं तर मूल हुरळतं, ‘चूक’ म्हटलं तर मुसमुसतं, आणि दोन्हीकडून मोजमापाचे बारा वाजतात, असं सरांचं म्हणणं. त्यामुळे घड्याळमावशीच्या ‘छान’ला काडीचाही अर्थ नव्हता. आतल्या माणसांना हे ठाऊक होतं. बाहेरच्यांना सांगायची कधी वेळच आली नाही.

सर निवृत्त झाले तशी प्रयोगशाळाही बंद पडली. त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. त्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी सर वर्तमानपत्र हातात घेऊन बसले आणि उलटं धरलंय की काय म्हणून फिरवून फिरवून बघत राहिले. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. बोलणं शाबूत, हात शाबूत, लिहायलासुद्धा येत होतं. फक्त वाचता येईना. स्वतः लिहिलेली ओळही दोन मिनिटांनी परकी व्हायची. डॉक्टर म्हणाले, वाचन यायचं असेल तर सहा महिन्यांत परत येईल, त्यानंतर आशा धरू नका.

सरांच्या घरात दुसरं माणूस म्हणजे आक्का, त्यांची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर आक्का शाळेचं तोंडही न बघता शिवणाला बसली आणि तिने धाकट्या भावाला प्रोफेसर केला. शेजारच्या मुलीकडून नंबर लावून घेऊन तिने घड्याळमावशीला फोन केला होता.

“बाई, तुम्ही एवढ्या पोरांना वाचायला शिकवलंत. याला नाही का शिकवणार?”

‘मी शिकवलं नाही हो, मोजलं,’ असं म्हणायला घड्याळमावशीने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “येते.”

तेव्हापासून दर बुधवारी ती येत होती. पहिल्या दिवशी सरांनी वीसपैकी नऊ अक्षरं ओळखली. मग सहा. मग चार. आजचा बुधवार सहाव्या महिन्यातला शेवटचा. खोलीत सरांची पुस्तकं छतापर्यंत रचलेली. त्यांच्याकडे पाठ करून खुर्ची मांडायची, हे सरांनी आपणहून सुरू केलं होतं. आक्का पलंगावर भावाच्या शर्टाला बटण लावत होती, पण कान सगळे इकडे.

घड्याळमावशीने बटण दाबलं आणि पहिल्या अक्षरावर पेन्सिल टेकवली.

“घ,” सर म्हणाले. तो ध होता.

“छान. पुढचं.”

“म.”

तो भ होता. “छान. पुढचं.”

तिसऱ्याला सरांनी मांडीवर बोटाने अक्षर गिरवून पाहिलं. कधी कधी हाताला आठवायचं, डोळ्यांना आठवायचं नाही. आज हातालाही आठवलं नाही. एक, दोन, तीन. “छान. पुढचं.” चौथं चुकलं. पाचवं अक्षर त्यांच्याच नावातलं पहिलं होतं. त्याच्याकडे सर असे बघत राहिले, जसं रस्त्यात कुणी ओळख दाखवावी आणि आपल्याला माणूस आठवू नये.

“छान,” घड्याळमावशी म्हणाली आणि तक्ता मिटला.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. थांबायचा नियम त्यांचाच होता.

“ऐकलंस का?” आक्काने दाताने दोरा तोडला. “पाचही वेळा छान म्हणाल्या! नाहीतर मी. बाई दरवर्षी यायच्या, छान छान म्हणायच्या, मला आपलं वाटायचं आता येईल, मग येईल. बावीस वर्षं शिकवणी झाली माझी, पण एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. दगडाचं डोकं मेलं. त्यांचा काही दोष नाही हो.”

दोष कुणाचा, ते त्या खोलीतल्या दोघांना ठाऊक होतं. सरांच्या पहिल्या अभ्यासाला कधी न शिकलेल्या मोठ्या माणसांचा एक गट हवा होता, शिकणाऱ्यांशी तुलना करायला. चाळीस माणसं हवी होती, मिळाली एकोणचाळीस. चाळिसावं घरातच सापडलं. “मला कधी शिकवणार?” असं आक्काने तेव्हा विचारलं होतं. “एवढा अभ्यास संपू दे,” सर म्हणाले होते. अभ्यासाला मुदतवाढ मिळत गेली, आणि शिकवली असती तर आक्का गटातून गेली असती. म्हणून दरवर्षी घड्याळमावशी तक्ता घेऊन यायची, छान म्हणायची आणि चाळीस क्रमांकापुढे शून्य लिहायची. लाज तिला दर वर्षी वाटायची. पण तिची नोकरी होती, आणि सर देवमाणूस होते.

सरांनी हात पुढे केला. घड्याळमावशीने पेन्सिल आणि कोरा कागद दिला. ते लिहू लागले. अक्षर अजूनही मोत्यासारखं. बोलायचं सोडून लिहिलं ते आक्काला कळू नये म्हणून. त्या घरात आता लिहिलेलं गुपित सगळ्यांपासून सुरक्षित होतं, लिहिणाऱ्यापासूनसुद्धा.

कागद तिच्याकडे सरकला. ‘माझं आता होणार नाही. तिला खरं सांगा. आणि शिकवा.’

“काय लिहिलंय हो?” आक्काने विचारलं.

घड्याळमावशी कागद धरून बसली. खरं सांगायचं तर कुठून सुरुवात करायची? दगड तुमच्या डोक्यात नव्हता आक्का, आमच्या छातीत होता, असं? आणि शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? अकरा हजार मुलांपुढे ती बसली होती, पण एक अक्षर दुसऱ्याच्या डोक्यात कसं घालतात, हे तिला खरोखर माहीत नव्हतं. आक्का वाट बघत होती. सर वाट बघत होते. तिने तोंड उघडलं, मिटलं.

एक, दोन, तीन.

आक्काला तिची दया आली. शर्ट बाजूला ठेवून ती उठली आणि घड्याळमावशीच्या पाठीवरून हात फिरवला.

“अडलात होय? त्याचं अक्षर नाही लागत? असू दे, मनाला लावून घेऊ नका.” मग तिला आठवण झाली, अशा वेळी काय म्हणायचं असतं त्याची. बावीस वर्षं ऐकलेलं होतं. ती प्रेमाने म्हणाली, “छान. पुढचं.”

सरांनी डोळे मिटून घेतले. घड्याळमावशीने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

“पुढच्या बुधवारी येताय ना?” आक्काने विचारलं.

“येते,” ती म्हणाली.